कळण्याची भाकरी आणि साखरेची वही

चष्म्याचा नंबर दोन-अडीच महिन्यांत दुसऱ्यांदा बदलला, तेव्हा चष्मेवाल्याने नव्या काचा टाकायला नकार दिला. "मॅडम, आधी शुगर तपासून या. नंबर असा मागेपुढे होतोय, म्हणजे आज केलेला चष्मा पुढच्या महिन्यात फुकट जाईल." मला त्याचा रागच आला. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर हलतो, हे मला चष्मेवाल्याने सांगावं! मी अमळनेरच्या एका हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवते.

रिपोर्ट आला. उपाशीपोटी १८२, जेवणानंतर दोन तासांनी २७१, एचबीएवनसी ८.९. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ झालं की मधुमेह धरतात. मी ती रेघ ओलांडून बरीच पुढे गेले होते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात त्यांच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते एचबीएवनसी सांगतं. त्यावरून सरासरी साखर काढायचं एक सूत्रही आहे : आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ८.९ चं उत्तर २०९ च्या आसपास येतं. म्हणजे गेले दोन-तीन महिने, मी वर्गात फळ्यावर समीकरणं सोडवत होते, घरी कपडे वाळत घालत होते, झोपले होते, त्या सगळ्या वेळात रक्तातली साखर सरासरी दोनशेच्या वर होती आणि चष्मा सोडला तर कुठेच काही जाणवलं नव्हतं. तहान लागायची, पण खान्देशात चैत्र-वैशाखात तहान कोणाला लागत नाही?

घाबरले ती आकड्याला नाही, अप्पांच्या आठवणीने. माझे वडील शिरपूरकडचे. दरवर्षी चैत्रात वणीच्या गडावर पायी जायचे, अनवाणी. आमच्याकडून हजारो माणसं जातात, त्यात विशेष काही नाही. पण अप्पांना बरीच वर्षं मधुमेह होता आणि तळपाय बधिर झालेले होते. त्या वर्षी डांबरी रस्त्यावर दुपारी चालून तळव्याला फोड आले, ते त्यांना कळलेच नाहीत. घरी आल्यावर आईने पाय धुताना पाहिलं तर फोड फुटून आत चिघळलं होतं. अंगठा काढावा लागला. दुखलं असतं तर थांबले असते, असं ते नंतर कितीदा तरी म्हणाले. मधुमेहाच्या बाबतीत मला भीती वाटते ती याचीच, न दुखण्याची.

धुळ्याच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी सुरू केली. माझं वजन त्यांनी पाहिलं, मग म्हणाले, "वजनकाट्याचं सोडा, टेप आणा." कमरेचा घेर ९३ सेंटिमीटर निघाला. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० ची मर्यादा धरतात, पुरुषांसाठी ९०. मी जाड दिसत नाही, लग्नकार्यात बायका मला 'बारीकच आहेस' म्हणतात. हातपाय बारीक आणि चरबी सगळी पोटात, ही भारतीय माणसाची ठेवणच आहे आणि पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी त्यावर आयुष्यभर काम केलंय, असं डॉक्टर म्हणाले. लिव्हरमध्ये आणि स्वादुपिंडाभोवती चरबी साठली की इन्सुलिन असूनही त्याचं चालत नाही. घेर कमी केला तर ते पुन्हा चालायला लागतं, निदान सुरुवातीच्या वर्षांत तरी.

जाताना आहाराचा एक छापील कागद मिळाला. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल, किन्वा, 'एक वाटी मिश्र बेरीज'. बेरीज आम्ही गणिताच्या तासाला करतो! तो कागद मी सासूबाईंना, म्हणजे आमच्या नानींना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि जेवाले काय?"

प्रश्न बरोबर होता. ज्या घरात रोज दहा-बारा भाकरी थापल्या जातात, रविवारी वरण-बट्टी असते, पाहुणा आला की शेवभाजी, हिवाळ्यात भरीत-पुरी आणि रात्री कंटाळा आला की शेंगदाणे घालून तिखट खिचडी, त्या घराला त्या कागदाचा काय उपयोग? मी कागद कपाटात ठेवला, ग्लुकोमीटर आणलं आणि दोनशे पानी वही घातली. डाव्या पानावर ताटात काय होतं ते, उजव्या पानावर दोन आकडे : जेवायला बसताना आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. पट्ट्या काही स्वस्त नसतात, म्हणून रोज तपासत बसायचं नाही. आठवड्यात एखादा पदार्थ निवडायचा, त्याच्यामागे लागायचं, बाकी दिवस बोटाला सुट्टी.

सुई बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायची, तिथे कमी दुखतं, आणि बोट पिळायचं नाही. हात मात्र धुतलेच पाहिजेत. वैशाखात एकदा रसासाठी आंबे पिळून उठले, पदराला हात पुसले आणि मशीन लावलं. ३१२. घरात धावपळ. मुलगा म्हणाला, "आई, हात धू आणि परत कर." साबणाने धुऊन, कोरडे करून परत पाहिलं तर १४३. बोटावरचा आंबा मशीनने रक्तात मोजला होता. केळं सोलून पट्टी लावली तरी तेच होतं, आणि केळीच्या मुलखात केळं सोलूनच माणूस निम्म्या कामाला लागतो.

त्या वहीने माझ्या बऱ्याच समजुती मोडल्या. सगळ्यात आधी मोडली ती ही, की ज्वारीची भाकरी कितीही चालते. आमच्याकडे मधुमेह म्हटला की पोळी बंद आणि भाकरी सुरू, एवढाच उपाय सगळ्यांना ठाऊक. दोन ज्वारीच्या भाकरी, पातळ वरण आणि थोडी भाजी या जेवणाने मी ११६ वरून २२४ ला गेले. आमच्याकडची भाकरी म्हणजे ताटभर. ज्वारी झाली तरी शेवटी पिष्टच. एक भाकरी कमी करून भाजी दुप्पट केली, तोच आकडा १६८ वर आला.

मग कळण्याकडे वळले. बाहेरच्यांसाठी सांगते, कळणं म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेलं पीठ, वरून मीठ. चारास एक असा साधारण अंदाज. नानींच्या माहेरी हीच भाकरी रोजची होती. आमच्याकडे ती हिवाळ्यात ठेच्याबरोबर 'हौसेने' खायची गोष्ट झाली होती. मी प्रमाण हळूहळू वाढवत दोनास एकवर नेलं. गिरणीवाले भाऊ म्हणाले, "ताई, उडीद जास्त पडले का?" पीठ हाताला चिकटतं, थापताना कडा फाटत नाहीत पण भाकरी जड होते, आणि परातीत पीठ जास्त भुरभुरावं लागतं. पण एक लहान कळण्याची भाकरी, त्यावर कच्चं तेल आणि ठेचा, बाजूला पोकळ्याची नाहीतर गिलक्याची भाजी आणि वाटीभर ताक : जेवणाआधी ११२, नंतर १४६. तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी पाहिलं, फार फरक पडला नाही. उडदातलं प्रथिन आणि सालातला चोथा यांनी पोट लवकर रिकामं होत नाही. दुपारी चारला शाळेत जी खा-खा सुटायची तीही थांबली, हे मला आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

भरीत तर माझ्या बाजूचं निघालं. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. भरताच्या वांग्यालाही त्याच साली मिळालं, आणि माझ्या वहीत वांगं केळीच्या फार पुढे आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं हिरवं-पांढरं वांगं, बडगीत ठेचलेल्या मिरच्या-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. यात साखर चढवणारं काहीच नाही. चढवते ती सोबतची पुरी. आता मी भरीत वाडगाभर घेते आणि पुरीऐवजी अर्धी कळण्याची. तेल मात्र बघावं लागतं. भरताला तेल किती लागतं हे बाहेरच्याला सांगून खरं वाटणार नाही.

बट्टीने पार निराशा केली. तिच्याविषयी मला आशा होती, कारण दोन तासांनी आकडा फार वाईट आला नाही, १८९. पण अंग जड वाटत होतं म्हणून झोपायच्या आधी, चार तासांनी, आणखी एक पट्टी खर्च केली. २३७. तळलेली बट्टी, त्यावर तूप. स्निग्ध जास्त असलं की पोट हळू रिकामं होतं आणि साखर उशिरा, पण बराच वेळ चढत राहते. शेवभाजीचंही तसंच. दोन तासांचा आकडा साळसूद, रात्रीचा नाही. तेव्हापासून तेलकट जेवणाला मी दोन तासांच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. बट्टी आता महिन्यातून एखाददा, भाजलेली, एकच, दुपारी. आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीने ताट भरून घ्यायचं.

उपासाचं सांगायलाच नको. एकादशीची साबुदाण्याची खिचडी हा वहीतला सगळ्यात मोठा आकडा आहे, २८३. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. देवाला हे चालत असेल, मला नाही चाललं. आता एकादशीला भगर थोडी, शेंगदाण्याची आमटी जास्त आणि काकडीची कोशिंबीर.

केळं सोडलं नाही. माझा भाऊ चोपडा तालुक्यात केळीच लावतो, त्याच्याकडचा घड घरात आला की आठवडाभर घर पिकत्या केळीच्या वासाने भरतं. एका मध्यम केळ्यात पंचवीसएक ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे केळं खायचं तर भाकरीतून तेवढं काढायचं. सालीवर काळे ठिपके पडायच्या आत, कडक असताना, जेवणाला जोडून एक लहान. मधल्या वेळी नुसतं दोन केळी आणि कपभर दूध, हे माझं वर्षानुवर्षांचं 'हलकं खाणं' बंद झालं. गुळाबद्दल स्टाफरूममध्ये वाद होतात. गुळाने माझा आकडा साखरेइतकाच वाढतो, वाद संपला.

खाण्याच्या क्रमाचाही फायदा झाला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग डाळ किंवा उसळ, भाकरी शेवटी. तेच ताट, तेवढंच अन्न, पण दोन तासांचा आकडा वीस-पंचवीसने खाली. पहिल्यांदा मला वाटलं मशीन बिघडलं. कोरडी भाजी नुसती खायची सवय लागायला वेळ लागला. आपला हात घास घेताना आपोआप भाकरीकडेच जातो.

स्टाफरूममध्ये त्या काळात डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत जोरात होती. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. आमच्या एका सरांचं वजन त्याने खरोखर उतरलं. माझ्या शाळेच्या वेळेत आणि घरच्या स्वयंपाकात ते बसेना, पण मधलं काहीच खायचं नाही, हा भाग मी तिथून उचलला. दहाचा चहा-बिस्कीट, चारचा चहा-फरसाण, वर्गात कोणाचा वाढदिवस असला की पेढा. हे सगळं मिळून एक जेवण होतं, आणि ते आपण मोजतच नाही.

चालणं मी आधीही 'करत' होते, म्हणजे मैत्रिणींबरोबर प्रताप कॉलेजच्या बाजूला गप्पा मारत फिरत होते. डॉक्टरांनी विचारलं, "चालताना बोलता येतं का?" येतं. "गाणं म्हणता येतं का?" तेही येतं. "मग ते फिरणं झालं. बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये." आठवड्याला १५० मिनिटं अशी, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. रक्तातली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतो तो स्नायू, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत घेतो. चाळिशीनंतर स्नायू झिजत जातात, बायकांचे तर पाळी गेल्यावर जास्तच. म्हणून खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून ढकलणं, आणि पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन पाण्याने भरून उचलणं. जिमला जायला मला लाज वाटत होती असं नाही, पण गावात आपले विद्यार्थीच जिम चालवतात.

मे महिन्यात सकाळी सहालाच ऊन लागतं आणि दुपारी पारा पंचेचाळीसवर जातो. तेव्हा पहाटे पाचला बाहेर पडायचं, बूट-मोजे घालूनच. अप्पांमुळे तो नियम मी मोडत नाही. देवळातही पायऱ्या तापलेल्या असतील तर मोजे काढत नाही, कोणी बघितलं तर बघू दे. रात्री पाय धुऊन आरशावर तळवे बघते, बोटांच्या बेचक्यातसुद्धा.

पण चालण्याचा खरा फायदा वहीत दिसला तो रात्रीच्या जेवणानंतरचा. गच्चीवर पंधरा-वीस मिनिटं. आपली शतपावली, फक्त शंभर पावलांवर थांबायचं नाही. जेवण तेच आणि नंतर टीव्हीसमोर बसले तर १९० च्या आसपास; तेच जेवून गच्चीवर चालले तर १५५. पहाटेच्या पाऊण तासाने माझा दम वाढला, झोप सुधारली, पण जेवणानंतरचा आकडा या वीस मिनिटांनी खाली आणला. ज्याला एकच काही जमणार असेल त्याला मी आधी हे सांगते.

आता आग्रह. खान्देशात मधुमेह सांभाळायचा म्हणजे सगळी लढाई इथे आहे. जिभेशी मी कशीही भांडेन, पण वाढणाऱ्या हाताशी कसं भांडायचं? ताटात काही पडायच्या आत 'बस' म्हणणं हा आमच्याकडे अपमान असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलं की खापरावरचे मांडे, आमरस, सांजोऱ्या. काकू, वहिनी, चुलत बहिणी, सगळ्या ताटाभोवती उभ्या. "एक मांडा खाई ले माय, काय व्हस?" एकीला नाही म्हटलं तर दुसरी वाढते. काय होतं, ते त्यांना माझ्या अप्पांच्या अंगठ्याने दाखवलं होतं, पण सणाच्या दिवशी ते बोलायचं नसतं.

मी 'डॉक्टरांनी बंद केलंय' म्हणून पाहिलं, लोक म्हणाले, डॉक्टर काय सांगतात, आमच्या मामांना पण आहे, ते सगळं खातात. ते मामा कसे आहेत हे मी विचारलं नाही. शेवटी उपयोगी पडल्या त्या साध्या युक्त्या. एक, पंगतीला बसायच्या ऐवजी वाढायला उभं राहायचं. वाढणारीला कोणी आग्रह करत नाही, आणि मागाहून आपलं ताट आपण वाढून घेता येतं. दुसरी, वाटीत रस थोडा असतानाच वाटी हातात धरून बसायचं, रिकामी करायची नाही. तिसरी युक्ती कामाची, पण सगळीकडे चालत नाही : मशीन पर्समध्ये ठेवायचं. गेल्या आखाजीला वहिनीच्या समोर बोट टोचलं, आकडा दाखवला, १२४. म्हटलं, "आता तू म्हणशील तेवढं खाते, पण दोन तासांनी परत बघू." तिने स्वतःच मांडा परत घेतला. रस मात्र मी लहान वाटीभर खाल्ला, भाजी-डाळ झाल्यावर, मांड्याशिवाय. १८१. वर्षातून एकदा ते मला मंजूर आहे.

श्रावणात कानबाई देवीचे रोट असतात, तो प्रसाद, त्याला नाही म्हणता येत नाही आणि मला म्हणायचंही नाही. चतकोर घेते, त्या वेळची भाकरी सोडते.

घरातही हळूहळू बदल झाला, पण माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करायला मी पहिल्यापासून नकार दिला. वेगळं ताट झालं की माणूस आजारी ठरतो, आणि वेगळा स्वयंपाक करणारीही मीच. म्हणून कळणं सगळ्यांसाठी, भाजी सगळ्यांसाठी दुप्पट. मुलाने थोडी कुरकुर केली. यजमान काही बोलले नाहीत, त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेल्यावर बोलायला लागले. नानी आता शेजारणींना सांगतात की आमच्या घरी पहिल्यापासून कळण्याचीच भाकरी असते.

औषधांबद्दल चार गोष्टी सांगायला हव्यात, कारण या बाबतीत आमच्याकडे फार अडाणीपणा चालतो. मेटफॉर्मिनने माझं पहिले दोन आठवडे पोट बिघडलं, एकदा तर नववीचा तास अर्धा सोडून जावं लागलं. गोळी जेवणानंतर आणि हळू विरघळणारी घ्यायला सांगितल्यावर थांबलं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी बारा कमी होऊ शकतं, ते अधूनमधून तपासायचं, नाहीतर त्याच्यामुळे होणारी पायाची झिणझिणी मधुमेहाच्या नावावर जाते. बायकांनी हिमोग्लोबिनही बघावं, लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटं जास्त दिसू शकतं. माझ्या बाबतीत थोडं तसं होतं. कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, मेथीदाणे, सगळं लोकांनी आणून दिलं. मेथी मी खाते, भाजीत. एका नातेवाइकांनी 'मुळापासून बरा करतो' म्हणणाऱ्याची पुडी घेऊन गोळ्या बंद केल्या आणि पाचशेच्या वर साखर घेऊन दवाखान्यात गेले. गोळी घ्यावी लागली म्हणजे आपण हरलो, असं काहीतरी लोकांच्या डोक्यात बसलंय. मी गोळी घेत होते म्हणून मला कळण्याचे प्रयोग करायला सवड मिळाली. ज्यांना ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन आहे त्यांनी तर जेवण एकदम कमी करायचंच नाही. साखर खाली जाते, घाम फुटतो, चक्कर येते. डोस आधी डॉक्टरांनी बदलायचा, मग ताट.

सगळ्यात जास्त छळलं ते उपाशीपोटीच्या आकड्याने. जेवणानंतरचे आकडे सुधारले, रात्री झोपताना ११८, आणि सकाळी काही न खाता १३६! रात्री फ्रिज कोणी उघडला, असं यजमानांनी विचारूनही घेतलं. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत संप्रेरकं सोडतं आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात टाकतं. इन्सुलिन नीट चालत असेल तर ती वापरली जाते, नाहीतर दिसते. यावर युक्ती नव्हती. रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, पोटाचा घेर उतरत गेला, तसा तो आकडा सगळ्यात शेवटी आणि रडतखडत शंभराच्या जवळ आला. मधे ताप आला होता तेव्हा काही न खाता परत दीडशेच्या वर गेला, आजारपणात तसं होतंच.

एचबीएवनसी गोळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत ७.४, मग ६.७, गेल्या दोन्ही वेळा ६.१. वजन नऊ किलोने कमी, घेर ८४. ऐंशीला अजून गेलेला नाही आणि आता उतरतही नाही. डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा, मूत्रपिंडासाठी लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन, रक्तदाब, हे सगळं ठरल्या वेळी होतं. चष्मा एकदाचा एकाच नंबरवर थांबला.

गोळी निम्म्यावर आलीय, रात्री एकच ५०० ची. ब्रिटनमधल्या एका अभ्यासाबद्दल डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं, २०१७ साली प्रसिद्ध झालेला, डायरेक्ट नावाचा. मधुमेह होऊन सहा वर्षं व्हायच्या आतली माणसं, काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह औषधाशिवाय हद्दीच्या आत आला, आणि ज्यांचं वजन पंधरा किलोंहून जास्त उतरलं त्यांच्यात तर फार मोठ्या संख्येने. पण दोन वर्षांनी त्यातले काही परत आत-बाहेर झाले. गोळी बंद करून किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला रेमिशन म्हणतात. बरा झाला असं म्हणत नाहीत, तपासण्या चालूच.

गेल्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "मॅडम, गोळी बंद करून बघायची का?"

मी कॅलेंडर पाहिलं. म्हटलं, "आखाजी होऊन जाऊ द्या, डॉक्टरसाहेब. मग बघू."

त्यांनी चिठ्ठीवर गोळी तशीच ठेवली आणि पुढची तारीख जूनची टाकली.